‘जिथं बसवला, तिथंच जा’ : एका सोयीस्कर उत्तराचा प्रतिवाद

वजन उतरवण्यासाठी जठराला गॅस्ट्रिक बँड बसवून घेतलेल्या माणसाला तो सैल किंवा घट्ट करून हवा असतो आणि बसवणारा सर्जन हाताशी नसतो. अशा वेळी नव्या रुग्णालयात फोन केला की ठरलेलं वाक्य कानावर येतं : ‘जिथं बसवला, तिथंच जा.’ बोलणारा सौजन्यानं बोलतो आणि वरकरणी त्यात चूक काढण्यासारखं काही नसतं. ज्यानं शस्त्रक्रिया केली त्यानंच पुढचं बघावं, यात गैर काय? पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या बँडधारकासाठी हे वाक्य म्हणजे दार लावून घेण्याची सभ्य रीत आहे. त्याच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद होतात ते एकेक करून तपासावेत, एवढाच या लेखाचा हेतू. त्यातले काही अर्धे खरे आहेत. तेवढं खरेपण मान्य करूनही ते पुरे पडत नाहीत.

आधी वस्तू समजून घेऊ. गॅस्ट्रिक बँड म्हणजे जठराच्या वरच्या टोकाभोवती बसवलेला सिलिकॉनचा पट्टा. त्याला आतल्या अंगानं एक फुगा असतो. फुग्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर टाचलेल्या छोट्या डबीला जोडलेली असते. ही डबी म्हणजे पोर्ट. पोर्टमध्ये सुईनं सलाईन भरलं की फुगा फुगतो, जठराची वाट अरुंद होते आणि थोड्या घासांत पोट भरतं. सलाईन काढलं की वाट मोकळी होते. सगळा कारभार काही मिलिलिटरचा. बँडच्या प्रकारानुसार ४ पासून १४ मिलिलिटरपर्यंत सलाईन त्यात मावतं. वजन उतरवण्याच्या दुसऱ्या दोन शस्त्रक्रियांपैकी स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, बायपासमध्ये आतड्याची जोडणी बदलतात. या दोन्हींत जे घडवायचं ते ऑपरेशनच्या टेबलावरच घडून जातं. बँड मात्र बसवताना बहुधा रिकामाच ठेवतात. पहिलं सलाईन साधारण चार ते सहा आठवड्यांनी भरतात. पुढं वर्ष-दीड वर्ष माणसाचं खाणं, वजन, उलट्या, छातीतली जळजळ बघत बघत ते थोडं थोडं जमवत नेतात. थिएटरमध्ये होतं ते निम्मं काम. उरलेलं निम्मं ओपीडीत होतं आणि बँड पोटात आहे तोवर चालू राहतं.

या निम्म्या कामाचं महत्त्व फार पूर्वीच मोजून झालं आहे. न्यूयॉर्कच्या सर्जनांनी २००४मध्ये बँडचे आणि बायपासचे रुग्ण पहिल्या वर्षात किती वेळा तपासणीला आले, याचा हिशेब मांडला. सहापेक्षा जास्त वेळा आलेल्या बँडधारकांचं जादा वजन सरासरी ५० टक्क्यांनी उतरलं होतं. सहा किंवा त्याहून कमी वेळा आलेल्यांचं ४२ टक्क्यांनी. बायपासच्या रुग्णांत भेटींच्या संख्येनं असा फरक पडला नव्हता. म्हणजे बँडच्या बाबतीत फॉलो-अप हाच उपचार आहे. बँड बसवून तो जमवण्याची सोय न ठेवणं म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणं.

इथं दोन कामांची फारकत करायला हवी. सलाईन काढणं हे एक काम आणि सलाईन भरणं हे दुसरं. बँड फार घट्ट झाला, वर अन्न अडकलं, पाणी उतरेना, थुंकीसुद्धा परत येऊ लागली, तर सलाईन काढणं हे आणीबाणीचं काम आहे. ते त्याच दिवशी, कधी कधी त्याच तासाला व्हावं लागतं. भरणं हे सावकाशीचं, माहितगाराचं, रुग्णाशी ओळख झाल्यावर करायचं काम आहे. दोन्हींना लागणारी हत्यारं तीच, पण निकड वेगळी आणि जबाबदारीही वेगळी. ‘जिथं बसवला, तिथंच जा’ हे वाक्य दोन्ही कामांना एकाच फटक्यात नकार देतं. माझा मुख्य आक्षेप इथं आहे. भरायला नकार देणं एखाद्या डॉक्टरचा अधिकार असू शकतो. काढायला नकार देणं हा कुणाचाच अधिकार नाही.

आता युक्तिवादांकडे वळू. पहिला युक्तिवाद नैतिक थाटात येतो : जबाबदारी मूळ सर्जनची. तत्त्व म्हणून हे मान्य. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांतच म्हटलं आहे की हाती घेतलेल्या रुग्णाकडे डॉक्टरनं दुर्लक्ष करू नये आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय उपचार सोडू नयेत. पण तत्त्वाला माणसांचं आयुष्य भेटतं तेव्हा काय होतं? भारतात बँड बसवले गेले ते मुख्यतः २०००नंतरच्या दशकात. तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आज साठीला टेकली आहेत. त्यांचे सर्जन निवृत्त झाले, परदेशी गेले, काही वारले. रुग्णालयांचे मालक बदलले, नावं बदलली. कुणी दादर-गिरगावचं घर विकून ठाण्यात आलं, कुणी डोंबिवलीत मुलाकडे राहायला आलं. कुणी आखातात नोकरीला असताना तिथंच बँड बसवून घेतला आणि करार संपल्यावर कल्याणला परतलं. अशांना ‘जिथं बसवला तिथं’ म्हणजे नेमकं कुठं पाठवायचं?

बँड बनवणाऱ्यांची कहाणीही अशीच. लॅप-बँडला अमेरिकेच्या एफडीएनं जून २००१मध्ये मान्यता दिली तेव्हा तो इनामेड कंपनीचा होता. २००६मध्ये तो अ‍ॅलर्गनकडे गेला, २०१३मध्ये अपोलो एंडोसर्जरी नावाच्या अमेरिकी कंपनीकडे (आपल्याकडच्या अपोलो रुग्णालयांशी तिचा संबंध नाही), आणि २०१८मध्ये रीशेप लाइफसायन्सेसकडे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या इथिकॉननं तर आपला रिअलाइझ बँड विकणंच बंद केलं. कंपन्यांना पोटातली वस्तू एकमेकींच्या हवाली करता आली, तिच्यासकट जगणाऱ्या माणसाला मात्र कुणाच्याच हवाली होता येत नाही.

याच युक्तिवादाला जोडून एक अट येते : ‘जुनी फाईल आणा, मग बघू.’ ज्या २००२च्या नियमांचा वर उल्लेख केला, त्यांतच भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावेत असं सांगितलं आहे. मागितल्यावर ते ७२ तासांत द्यावेत असंही सांगितलं आहे. म्हणजे २००९मध्ये बसवलेल्या बँडची फाईल २०१२नंतर रुग्णालयाकडे नसली, तर या नियमानुसार त्यात काही वावगं नाही. वस्तू आयुष्यभर पोटात राहणार, कागद तीन वर्षांत रद्दीत जाणार. आणि पंधरा वर्षांनी रुग्णालाच विचारायचं की कागद कुठं आहेत! फाईल असली तर उत्तमच. पण फाईल नाही म्हणून बँडमध्ये काय आहे हे कळायचं थांबत नाही. साध्या एक्स-रेमध्ये बँड आणि पोर्ट दिसतात, बँड नेहमीच्या कोनात आहे की सरकला आहे याचा अंदाज येतो. बेरियम पाजून पडद्यावर बघितलं तर वाट किती अरुंद आहे ते दिसतं. पोर्टमधून सलाईन ओढून मोजलं की आत किती आहे हे मिलिलिटरमध्ये कळतं. जुन्या फाईलमधली बरीचशी माहिती अशी नव्यानं मिळवता येते. मिळवायची इच्छा मात्र लागते.

मिरजेहून आणलेला तंबोरा प्रत्येक मैफलीआधी लावून घ्यायला कुणी मिरजेला जात नाही. ज्याला लावता येतो तो जिथं असेल तिथं तंबोरा लागतो. बँडही वारंवार जुळवावा लागणारा आहे आणि तो जुळवणारे हात गावोगाव असावेत, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरा युक्तिवाद कोर्टाच्या भीतीचा आहे : दुसऱ्याच्या कामाची जोखीम आम्ही का घ्यावी? उद्या काही झालं तर नातेवाईक आमच्यावरच धावून येतील. ही भीती खोटी नाही. डॉक्टरांवर हात उगारले जाण्याच्या या काळात तिची टिंगल करण्याचंही कारण नाही. पण हाच न्याय इतरत्र कुणी लावत नाही. चेन्नईत बसवलेला पेसमेकर ठाण्यात तपासला जातो. टाटा रुग्णालयात बसवलेल्या केमो पोर्टमध्ये डोंबिवलीतली नर्स औषध सोडते. एकानं स्टेंट घातलेल्या हृदयावर दुसरा कार्डिऑलॉजिस्ट अँजिओग्राफी करतो. दुसऱ्यानं बसवलेली वस्तू सांभाळणं हे वैद्यकाचं रोजचं काम आहे. बँडच्याच बाबतीत ते अचानक परक्याचं पाप कसं ठरतं?

मुंबईनं याहून अवघड उदाहरण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये इजिप्तची इमान अहमद वजनाच्या उपचारासाठी सैफी रुग्णालयात आली. मार्चमध्ये तिच्यावर स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली. पुढं तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला आणि मे महिन्यात तिला अबुधाबीला नेण्यात आलं. सप्टेंबरमध्ये तिथं तिचा मृत्यू झाला. वादात कोण बरोबर होतं, हा इथला विषय नाही. वाद चालू असताना, प्रकृती नाजूक असताना, दुसऱ्या देशातल्या रुग्णालयानं दुसऱ्याची रुग्ण आपली मानली, हे लक्षात घ्यायचं. जे तिथं समुद्रापलीकडे जमलं ते इथं खाडीच्या दोन्ही बाजूंना जमू नये?

जोखीम कमी करण्याचा मार्गही ठाऊक आहे : लेखी संमती, आधी एक्स-रे, किती सलाईन काढलं किंवा भरलं याची नोंद, आणि नोंदीची प्रत रुग्णाच्या हातात. उलट ज्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही त्याला परत पाठवणं हेच कायद्याच्या दृष्टीनं धोक्याचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात १९८९मध्ये सांगितलं की जीव वाचवण्याचं कर्तव्य सरकारी-खाजगी प्रत्येक डॉक्टरवर आहे. डॉक्टरला रुग्ण निवडण्याचं स्वातंत्र्य देणारे आचारनियमही आणीबाणीचा अपवाद करतात.

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार : बँडचा जमाना गेला, भरत कशाला बसता, काढून टाका आणि स्लीव्ह करा. आकडे या बाजूचे आहेत. अमेरिकेतल्या बॅरिएट्रिक सर्जनांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०११मध्ये तिथल्या वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियांत बँडचा वाटा सुमारे ३५ टक्के होता, तो २०१८पर्यंत एक टक्क्याच्या आसपास आला. ब्रुसेल्सच्या सर्जनांनी १९९४ ते १९९७ या काळात बसवलेल्या बँडचा हिशेब २०११मध्ये मांडला. जे रुग्ण सापडले त्यांतल्या जवळपास ६० टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती आणि २८ टक्क्यांत बँड जठराची भिंत झिजवून आत शिरला होता. नव्यानं बँड बसवून घ्यावा असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण नवा बँड बसवू नये, हे एक विधान झालं. बसलेल्या बँडकडे बघू नये, हे निराळं. पहिल्यातून दुसरं निघत नाही. उलट ज्या वस्तूत इतक्या अडचणी येतात तिच्यावर जास्त नजर हवी. मेलबर्नचे सर्जन पॉल ओब्रायन यांनी २०१३मध्ये तीन हजारांहून अधिक बँडधारकांचा हिशेब दिला. पंधरा वर्षांनंतरही जादा वजनाचा सरासरी ४७ टक्के भाग उतरलेला होता आणि बँड कायमचा काढावा लागला तो ५.६ टक्के लोकांचा. मात्र चारातल्या एकाला बँडच्या वरचं जठर फुगल्यामुळं आणि पाचातल्या एकाला पोर्ट किंवा नळी बिघडल्यामुळं दुरुस्ती लागली. मेलबर्नला सारं सुरळीत झालं, असा याचा अर्थ नाही. तिथं रुग्णांचा पाठपुरावा सोडला गेला नव्हता, म्हणून बिघाड सापडले आणि बऱ्याच जणांचा बँड दुरुस्त करून टिकवता आला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य विम्यात बँड जुळवण्याच्या भेटीसाठी स्वतंत्र शुल्कनोंद आहे. तिथल्या व्यवस्थेनं हे काम काम म्हणून मोजलं.

शिवाय ‘काढून टाका’ म्हणणं सोपं आहे. बँड काढणं ही भूल देऊन करायची शस्त्रक्रिया आहे. काढल्यावर बहुतेकांचं वजन पुन्हा चढू लागतं. त्यावर स्लीव्ह किंवा बायपास करायचं तर दुसरा मोठा खर्च. विम्याची गोष्ट तर पाहण्यासारखी आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित कलमानुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार असं काही सोबत असेल तर ३५. ज्या बाईचा बँड नीट चालला आणि बीएमआय ३१वर आला ती या अटीत बसणार नाही. म्हणजे बँडनं काम केलं हीच तिची अडचण! आणि बँड जुळवण्याचं काम ओपीडीतलं, त्यामुळं नेहमीच्या पॉलिसीत त्याचेही पैसे मिळत नाहीत. चालू बँडला एका सुईची गरज असताना शस्त्रक्रियेचं पॅकेज पुढं करणं, याला वैद्यकीय सल्ला म्हणताना जीभ अडखळते. बँड काढायचा की ठेवायचा हा निर्णय सलाईन काढून, तपासण्या करून, दोन्ही वाटा रुग्णापुढं मांडून व्हावा. तो रिसेप्शनवर होऊ नये.

चौथा युक्तिवाद भूगोलाचा : मुंबई काय लांब आहे? तिथं मोठी केंद्रं आहेत, तिथं जा. नकाशावर हे खरं आहे. सीएसएमटीपासून ठाणं सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. पण डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल ज्यांनी पकडली आहे त्यांना किलोमीटर सांगू नयेत. पहिल्या वर्षात अनेकदा, पुढं दरवर्षी, आणि त्रास झाला तर वेळीअवेळी जावं लागणाऱ्या उपचारासाठी दरवेळी अर्ध्या दिवसाची रजा आणि लोकलमधली रेटारेटी सोसावी लागत असेल तर काय होतं? माणूस जायचं टाळतो. वर्षभर उलट्या ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून काढतो. रात्रीचा खोकला दम्याचा समजून पंप ओढतो. घट्ट बँडमुळं वर साचलेलं अन्न रात्री आडवं झाल्यावर घशात येऊन तो खोकला होत असतो, हे त्याला कुणी सांगत नाही. २०११च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. आज ती नक्कीच वाढली आहे. तीस लाखांच्या वस्तीला ‘मुंबई जवळच आहे’ असं सांगणं ही भूगोलाची माहिती नसून जबाबदारीची टाळाटाळ आहे. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियांच्या जाहिराती ठाण्यापर्यंत पोचतात, मग जुळणीची सुई मुलुंडलाच का थांबावी?

पाचवा युक्तिवाद संख्येचा : असे रुग्ण आहेत किती? मूठभर लोकांसाठी यंत्रणा कशाला? मूठभर आहेत म्हणूनच ती उभी करणं स्वस्त आहे. लागतं काय? बँड हाताळायला शिकलेला एक सर्जन, महिन्यातून एक ठरलेली सकाळ, रुग्णालयात आधीच असलेला एक्स-रे विभाग, आणि ह्यूबर सुई. ही सुई टोकाशी वळलेली असते, त्यामुळं पोर्टच्या रबरी पडद्याचा तुकडा निघत नाही. केमोथेरपीच्या पोर्टलाही अशीच सुई वापरतात, म्हणजे कॅन्सरचे उपचार होतात त्या रुग्णालयाच्या कपाटात ती बहुधा असतेच.

आणि थोड्या रुग्णांकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीनं एएसआर नावाचा सदोष खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं पाठपुरावा केला, केंद्रानं तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तेव्हा उघड झालं की तीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नाही. वस्तू शरीरात घातली, नोंद ठेवली नाही, माणूस हरवला. दरम्यान वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५मध्ये सुरू झाला, उपकरणांचे नियम २०१८पासून लागू झाले. पण पोटात बँड घेऊन कल्याणच्या फलाटावर उभा असलेला माणूस या कुठल्याच यंत्रणेच्या नजरेत नाही. रुग्ण किती आहेत हे विचारणाऱ्यानं आधी ते कुणी मोजले आहेत का, हे विचारावं.

आता दुसऱ्या टोकाच्या युक्तिवादाचाही समाचार घ्यायला हवा, कारण त्रासलेले रुग्ण त्याच्याकडे झुकतात : ‘त्यात काय, सुई टोचायची आणि पाणी घालायचं, कोणीही करील.’ कोणीही करू नये. साध्या सुईनं पोर्टचा पडदा फाटला की सलाईन झिरपत राहतं आणि पोर्ट बदलायला शस्त्रक्रिया लागते. निर्जंतुकीकरणात हयगय झाली तर संसर्ग नळीवाटे आत जातो. पोर्टवरची कातडी लाल होणं हे कधी कधी बँड जठरात शिरल्याचं पहिलं चिन्ह असतं. ते न ओळखता सलाईन भरणारा घात करतो. ज्याला उलट्या होत आहेत त्याचा बँड आणखी घट्ट करणं ही घोडचूक. वजन उतरवण्याची हमी देणाऱ्या गल्लीतल्या ‘स्लिमिंग सेंटर’कडे हे काम जाता कामा नये. माझी मागणी सर्वांनी सर्व करावं अशी नाही. काढण्याचं काम प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत व्हावं आणि भरण्याचं काम जिल्ह्यातल्या मोजक्या, जाहीर केलेल्या ठिकाणी व्हावं, इतकीच ती आहे. ब्रिटनमध्ये बॅरिएट्रिक सर्जनांच्या संघटनेनं आणीबाणीत बँड सैल कसा करावा याच्या सूचना सर्वसाधारण सर्जनांसाठी काढल्या आहेत. तशा सूचना आपल्याकडे एका पानावर मावतील.

मग करायचं काय? वजनाच्या शस्त्रक्रियांची जाहिरात करणाऱ्या ठाणे-कल्याणमधल्या प्रत्येक रुग्णालयानं बँड जुळवतो की नाही, हे ओपीडीच्या फलकावर स्पष्ट लिहावं. नाही असेल तर नाही लिहावं. निदान हेलपाटा वाचेल. लठ्ठपणाच्या सर्जनांची ‘ओस्सी’ ही संघटना २००२पासून देशात आहे. तिनं बँड हाताळणाऱ्या सदस्यांची जिल्हावार यादी करावी. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे. तिथल्या सर्जरी विभागानं महिन्यातली एक सकाळ या कामाला दिली, तर पालिकेचं अंदाजपत्रक कोसळणार नाही आणि शिकणाऱ्या डॉक्टरांनाही हे काम बघायला मिळेल. कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर इथं निदान एक सूचना आणि एक सुई असावी. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या माणसात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. त्याला ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

बँडधारकांनीही उद्यावर टाकू नये. त्रास नसताना, आजच, हाताशी असतील ते कागद गोळा करावेत : बँडची कंपनी आणि प्रकार, बसवल्याची तारीख, शेवटी किती मिलिलिटर भरलं होतं. मूळ रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून प्रत मागावी. नव्या ठिकाणी फोन करताना ‘बँडचं बघता का?’ असं मोघम विचारू नये. ‘सलाईन काढता का?’ आणि ‘सलाईन भरता का?’ असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. ह्यूबर सुई आहे का, बेरियमखाली बघायची सोय आहे का, रात्री-अपरात्री कोण बघतं, हेही विचारावं. पाणी उतरत नसेल, पोटात तीव्र कळ असेल, ताप असेल, पोर्टची जागा लाल झाली असेल, तर फोन करत बसू नये, थेट कॅज्युअल्टीत जावं आणि ‘मला गॅस्ट्रिक बँड आहे, आधी तो रिकामा करा’ हे पहिल्या वाक्यात सांगावं. दिवस गेले असतील तर प्रसूतितज्ज्ञाला पहिल्याच भेटीत बँडबद्दल सांगावं. गरोदरपणात तो सैल करण्याची वेळ अनेकदा येते.

डॉक्टरांना शेवटचं सांगणं एवढंच : भरायचं नसेल तर नका भरू, कुठं भरतात ते सांगा आणि चिठ्ठी द्या. पण पाणीही न उतरणारा माणूस दारात आला असेल, तर तो बँड कुणी आणि कुठं बसवला हा प्रश्न सलाईन काढून झाल्यावर विचारा.